आधारगट: एक शब्द की दोन?

२ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. कारण, या घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. वही मध्येच उठून जात नाही.

आज शाळेत बोलावलं होतं. खारूच्या वर्गशिक्षिकेने. (खारू म्हणजे आमची मुलगी. सहावीत. लहानपणी गालात खाऊ साठवायची म्हणून खारूताई, त्याचं झालं खारू.) तर चाचणीत तिने पहिलाच प्रश्न सोडवला आणि बाकी पेपर कोरा दिला. पूर्ण वेळ पहिलं उत्तर पुन्हा पुन्हा वाचत बसली म्हणे. खोडलं, लिहिलं, खोडलं. शेवटी कागद फाटला तेव्हा रडायला लागली.

पेपर माझ्या हातात दिला. मी उत्तर वाचलं. एक चूक नाही! वेलांट्या, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. तसं म्हटलंही. शिक्षिकेने हिच्याकडे, म्हणजे बायकोकडे, बघितलं, हिने माझ्याकडे. मी पेपरावरचा लाल शाईतला शेरा बघत होतो. 'अपुर्ण'. पू दीर्घ हवा. बोललो नाही. संयम हा माझा मोठा गुण आहे आणि त्याची कुणाला कदर नाही.

मग शाळेचे समुपदेशक आले. ओसीडी, अँग्झायटी वगैरे शब्द वापरले. डॉक्टरांना दाखवाच, पण त्याबरोबर सपोर्ट ग्रुपही शोधा म्हणाले. असा त्रास असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे तिथे एकत्र बसून बोलतात. मुलीलाही कळेल की आपण एकटे नाही. मग त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला सारखं तपासत राहायची सवय आहे का.

मी ठामपणे नाही म्हटलं.

हिला एकदम खोकला आला.

३ सप्टेंबर, बुधवार

शांतपणे विचार केला. निष्कर्ष असे. खारूला काहीही झालेलं नाही. ती काळजीपूर्वक काम करणारी मुलगी आहे, बापावर गेली आहे. मी मुद्रितशोधक. छापखान्यात जन्म गेला. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, फायनल प्रूफ, मग सही करून प्रिंट ऑर्डर. डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. घरातही मी तोच नियम ठेवला आहे. गॅसचं पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, फायनल. कुलपाचं तसंच. याला शिस्त म्हणतात.

अँग्झायटी आहे ती हिला. आम्ही बाहेर निघालो की ही जिन्यात उभी राहून घड्याळ बघते, उसासे टाकते, कधी कधी डोळे पुसते. फक्त कुलूप बघायला वर गेलेल्या नवऱ्यासाठी कुणी रडतं का? मी हे निदान तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

संकल्प: या दोघींसाठी उत्तमातला उत्तम सपोर्ट ग्रुप मी स्वतः शोधणार. या आठवड्यातच.

आज सकाळी मी कुलूप लावून खाली आलो तर खारू माझ्या आधी परत वर धावली. कुलूप ओढून बघितलं आणि वरूनच ओरडली की बाबा, पहिलं प्रूफ झालं. ऊर भरून आला.

४ सप्टेंबर, गुरुवार

शोध सुरू. जेवणाच्या सुट्टीत छापखान्याच्या कॉम्प्युटरवर.

एक ग्रुप ऑनलाइन. कॅमेरा चालू ठेवायचा म्हणतात. आपला चेहरा आपल्यालाच दिसणार, मग केसच नीट करत बसायचं. बाद. दुसरा ग्रुप फक्त विशीतल्या मुलांसाठी. बाद. तिसऱ्या ग्रुपच्या पानावर शेवटचा मजकूर फार जुना. चालू आहे की बंद, कळायला मार्ग नाही. फोन केला, कुणी उचलला नाही, परत केला, परत केला, मग उचलला आणि तो एका पंक्चरवाल्याचा निघाला. भला माणूस. मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. तुमचं टायर कसं आहे, म्हणाला.

समुपदेशकांनी दिलेलं पत्रक मात्र जवळचंच. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी, पाच वाजता. सगळं जुळतं. पण पत्रकावर काय छापलंय? 'ओसीडी आणि चिता असलेल्यांसाठी आधार गट.'

चिता! अनुस्वार गेला कुठे? चिंता असलेली माणसं तिथे जाणार आणि दारातच ही अशी पाटी! आणि 'आधारगट' हा सामासिक शब्द, जोडून हवा. ज्यांना एक टिंब सांभाळता येत नाही ते माझी मुलगी काय सांभाळणार?

५ सप्टेंबर, शुक्रवार

पत्रकावरच्या नंबरवर फोन केला. संयोजक बाईंनी उचलला. आवाज इतका संथ की वाक्य संपेपर्यंत मला दोनदा वाटलं फोन कट झाला. मी त्यांचं नाव संथबाई ठेवलं आहे.

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे हे सांगून अनुस्वाराचं सांगितलं. संथबाई हसल्या. म्हणाल्या, अहो, ते पत्रक मीच लिहिलं, मलाही ओसीडी आहे, इतक्या वेळा तपासलं की शेवटी दिसायचंच बंद झालं. म्हणून एक दिवस डोळे मिटून छापायला दिलं. ती माझ्यासाठी मोठी गोष्ट होती.

डोळे मिटून? छापायला?

विषय बदलला. शनिवारी पाच ना, असं विचारलं. हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर शंका आली की उद्याचाच शनिवार की एकाआड एक? परत फोन केला. म्हणाल्या, मी मघाशी सांगितलं, आता पुन्हा सांगणार नाही, आमच्याकडे एकाच गोष्टीची खात्री परत परत देत नाहीत. त्याने त्रास वाढतो. आलात की कळेल का ते.

म्हणजे माहिती विचारणाऱ्याला माहिती द्यायची नाही! लोकांना आधार देणार म्हणे.

हिला सांगितलं. हिने हातातलं काम ठेवून विचारलं की तू स्वतःसाठी कधी जाणार. मी म्हटलं, मी तुमच्यासाठीच शोधतोय. हिने ते काम परत उचललं आणि माझ्याकडे पाठ केली. मला वाटतं भारावली.

६ सप्टेंबर, शनिवार

हिची शनिवारी ड्युटी असते (ही लॅबमध्ये टेक्निशियन आहे). म्हणून आज मी एकटा जाऊन आधी पाहणी करणार होतो. उगाच मुलीला कुठेही घेऊन जायचं नाही.

वेळेत निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो. मनात पाल चुकचुकली. गीझर. परत आलो. बंद होता. निघालो. कोपरा. गीझर बंद होता हे नक्की, पण तो बघताना मी बाथरूमचा नळ उघडला होता का? परत आलो. बंद. खारू शेजारी खेळत होती, तिने मला येता-जाता बघितलं. तिसऱ्या खेपेला ती दारातच उभी होती. बाबा, सगळं बंद आहे, मी बघून आले, तुम्ही जा म्हणाली.

किती जबाबदार मुलगी! पण तोवर सव्वापाच झाले होते. मीटिंगला उशिरा जाणं सभ्यपणाचं नाही. गेलो नाही.

हिला सांगितलं की पाहणी अंशतः झाली.

१० सप्टेंबर, बुधवार

संकल्प: कोपऱ्यावरून मागे फिरायचं नाही. सोपं आहे. मनात आणलं तर मी काहीही करू शकतो, फक्त तशी वेळ आलेली नाही.

हिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे खारूसाठी. मीही येतो म्हटलं. तू येऊ नकोस म्हणाली. तू आलास की ती तुझ्याकडे बघून उत्तर देते.

हे मला लागलं. लिहून ठेवतो. लागलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पोचलो! कोपऱ्यावरून मागे फिरलो नाही. (कोपऱ्याच्या अलीकडून फिरलो होतो, ते वेगळं.)

वाचनालय खाली, मीटिंग वर. जिन्याशी उभा राहिलो. वरून हसण्याचे आवाज येत होते. मला धक्काच बसला. आजारी माणसं इतकी हसतात? एक उंच मनुष्य घाईघाईने आला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबला, खाली गेला, परत पहिल्या पायरीवर आला. माझ्याकडे बघून म्हणाला की उजवा पाय आधी पडला, डावा हवा होता, पण आता तसाच जातो, बघू काय होतं. गेला. मी म्हटलं, बिचारा.

मग खालच्या वाचनकक्षात बसलो. म्हटलं, जरा दम घेऊन जाऊ. टेबलावर एक मासिक होतं. मुखपृष्ठावरच 'विषेश'. पेन काढलं. वेळ कसा गेला कळलं नाही. वरची मंडळी खाली उतरायला लागली तेव्हा मी शेवटच्या फॉर्मवर, म्हणजे शेवटच्या सोळा पानांवर, होतो.

संथबाई समोर आल्या. त्यांनी आवाजावरून ओळखलं, कारण त्यांचं संथ बोलणं ऐकून मी 'नमस्कार' एवढंच म्हणालो होतो. मासिकाकडे बघितलं. त्यांचे डोळे एकदम ओलसर झाले. आदर वाटला असावा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मोठी बातमी. संथबाईंचा फोन. वाचनालयाच्या वरच्या मजल्याचं छत गळतंय, दुरुस्ती काढली आहे, या शनिवारपासून ग्रुप मागच्या गल्लीतल्या शिवणक्लासमध्ये भरणार. नेहमीच्या लोकांना त्या फोनवर कळवतील. पण पत्रक वाचून नवीन माणसं येतात, त्यांच्यासाठी वाचनालयाच्या दारावर, दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत नोटीस लावायला हवी. तुम्ही छापखान्यातच आहात, तर एवढी छापून द्याल का? चार ओळींची आहे. शुक्रवारी सकाळी मिळाली तर पुरे.

शेवटी मला त्यांनी काय पदावर बसवलं बघा! पेशंट नाही, पालक नाही. सल्लागार. मालकही फुकट छापून देतो म्हणाला.

संकल्प: उद्याच देऊन टाकायची. चार ओळी तर आहेत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चार ओळी दिसायला सोप्या असतात.

'दालन बंद असल्याने' की 'असल्यामुळे'? 'मागच्या गल्लीत' की 'मागील'? पाच आकड्यात की अक्षरात? आकड्यात लिहिला तर ओला होऊन सहा दिसू शकतो. अक्षरात लिहिला तर घाईतल्या माणसाला दिसत नाही. आणि मुख्य घोडं अडलंय ते तिथेच: आधारगट, एक शब्द की दोन? जोडून लिहिणं शुद्ध, हे मी स्वतः त्यांना सांगितलं. पण जोडून लिहिल्यावर 'आधारगट' जरा 'आधार घटला' असं नाही का वाटत? कुणाचा गैरसमज झाला तर? चिंतेची माणसं आहेत.

मजकूर जुळवणारा ऑपरेटर म्हणाला, काका, लोकांना पत्ता कळला म्हणजे झालं. असल्या वृत्तीनेच भाषेचं वाटोळं झालं.

संध्याकाळी ७

संथबाईंचा फोन आला होता. उद्या सकाळी नक्की म्हटलं. फायनल प्रूफ बाकी आहे फक्त.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

फायनल प्रूफ बघितलं. मग फायनलचं फायनल.

मालकाने दुपारी विचारलं, प्रिंट ऑर्डर? मी पेन उचललं. सही करायचा हात पुढे जाईना. म्हटलं, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघतो. मालक म्हणाला, अहो, चार ओळी आहेत, तुम्ही अख्खा ग्रंथ असल्यासारखा कीस पाडताय. मला बोलायचं त्याला जमतं, कारण चूक झाली तर शिव्या त्याला बसत नाहीत.

संथबाईंचे फोन उचलले नाहीत. काम चालू असताना फोन घेऊ नये.

उद्या शनिवार. दुपारी खारूला मीच ग्रुपला घेऊन जाणार आहे. ही कितीदा तरी विचारून गेली की नक्की नेशील ना. एकदा सांगितलेलं पुरत नाही हिला. म्हणून म्हणतो, अँग्झायटी.

२० सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस फार छान गेला असं लिहिणार होतो.

खारूला घेऊन दोनला निघालो. मीटिंगआधी छापखान्यात जाऊन सही करायची, तासाभरात कागद छापून घ्यायचे, दोघांनी मिळून वाचनालयाच्या दारावर लावायचे आणि पाचला शिवणक्लासमध्ये. प्लॅन चोख.

छापखान्यात खारूला बाजूला बसवलं. एकट्याने प्रूफ वाचण्यापेक्षा एकाने मोठ्याने वाचलं की चूक पटकन सापडते. तिने मूळ कागद धरला, मी प्रूफ. काय वाचते पोरगी! विरामचिन्हांसकट. वरच्या मजल्यावरील दालन दुरुस्तीसाठी बंद असल्याने स्वल्पविराम आधारगट जोडून मागील गल्लीत भरेल पूर्णविराम. एकदा वाचून झालं की विचारायची, बाबा, बरोबर वाचलं ना? मी म्हणायचो, बरोबर, पण परत वाच. ती परत वाचायची. परत विचारायची.

नंतर नंतर ती विचारायला लागली की बाबा, मी एखादा शब्द गाळला तर काय होईल. मी म्हटलं, मोठा घोटाळा होईल, लोक चुकीच्या ठिकाणी जातील. मग ती बोट ठेवून वाचायला लागली. आवाज बसला तिचा. मी पाणी दिलं. ऑपरेटर टिफिन उचलून घरी गेला. जाताना त्याने खारूच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला मारत होतो.

घड्याळ बघितलं तेव्हा साडेसहा.

घरी पोचलो तेव्हा ही आली होती. कसा झाला ग्रुप, असं हसत विचारलं. खारूने तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मग मी सांगितलं. ही काही ओरडली नाही. खारूला जवळ घेतलं, तिचं बोट बघितलं. सारखं कागदावर दाबून नख लाल झालं होतं. मग आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. नीट लागली का, ते मला बाहेरून बघता येत नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

संथबाईंचा फोन. घेतला.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संथपणे सांगितलं. नेहमीचे सगळे शिवणक्लासमध्ये पोचले. पण एक नवीन मुलगी आईबरोबर आली होती. कितीतरी महिन्यांत ती घराबाहेर पडली नव्हती. रिक्षातून उतरली, वाचनालयापर्यंत चालत आली. वरच्या मजल्याच्या दाराला कुलूप, नोटीस काही नाही. आईने आजूबाजूला विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. दोघी थोडा वेळ थांबल्या आणि परत गेल्या. आईने रात्री फोन करून सांगितलं की ती आता पुन्हा येणार नाही म्हणते.

मी म्हटलं, नोटीस जवळपास तयार आहे. फक्त एका शब्दाचा प्रश्न आहे.

त्या म्हणाल्या, आम्ही ती हाताने लिहून लावली, काल रात्रीच. नवऱ्याने लिहिली. त्यात तीन चुका आहेत. तुम्ही येताना वाचू नका.

फोन ठेवला. मग मी याचा सगळ्या बाजूंनी विचार केला. दोष वाचनालयाचा. छत आधीच दुरुस्त करायला हवं होतं.

तरी जेवण गेलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरांकडे दोघी जाऊन आल्या. औषध नाही दिलं अजून, पण दर आठवड्याला बोलायला बोलावलं आहे. आणि ग्रुप सोडू नका म्हणाले.

रात्री जेवताना हिने सांगितलं की सुधारणा दिसली नाही तर खारूला मावशीकडे ठेवायचं. वर्ष संपेपर्यंत. तिथे शाळा आहे, मावशीने खोलीही रिकामी करून ठेवली आहे. मी विचारलं, माझ्यापासून लांब? ही म्हणाली, हो. तुझ्यापासून. सरळ सांगते.

मी म्हटलं, मी तिला कधी हात लावला नाही, ओरडलो नाही, एक शब्द वाकडा बोललो नाही. ही म्हणाली, माहीत आहे रे. म्हणून तर मला कुणाला सांगता येत नाही.

खारू मान खाली घालून जेवत होती. मधूनच उठली, गॅस बघून आली, परत बसली.

घर तिच्याशिवाय कसं लागेल याची कल्पना करून बघितली. करवली नाही. मला माझी मुलगी हवी आहे. हे लिहिताना खोडलेलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सगळं स्पष्ट झालं आहे. शनिवारी मी जाणार. हिने रजा घेतली आहे, तिघंही जाऊ. मी तिथे छोटंसं भाषण करणार आहे. विषय: शिस्त आणि आजार यांतला फरक. तयार केलं. आरशासमोर म्हणून बघितलं. चांगलं झालंय. ऐकल्यावर हिचं मत बदलेल, मावशीचं प्रकरण मिटेल, संथबाई कदाचित मला दर महिन्याला बोलायला बोलावतील.

आज छापखान्यात मालकाने माझ्याऐवजी ऑपरेटरला प्रिंट ऑर्डर द्यायला सांगितली. एका लहान कामासाठीच. मी काही मनावर घेतलं नाही. घरी येऊन खारूला सांगितलं, शनिवारी बघ तुझे बाबा काय बोलतात. ती म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त या. बोलू नका हवं तर.

मुलांना आपल्या वडिलांची लाज वाटायचं वय असतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

वेळेवर पोचलो. नोंद घ्यावी. स्कूटर शिवणक्लासच्या बाहेर लावली, आत गेलो. (दारावरची नोटीस वाचली नाही. 'आधार गट' तोडून लिहिलं आहे एवढं दिसलं.)

शिलाई मशिनी भिंतीला लावलेल्या, मध्ये खुर्च्यांचं गोल. तो पायऱ्यांवरचा उंच मनुष्य होता. एक आजी होत्या. एक बँकवाले होते, ते दर वाक्यानंतर सॉरी म्हणायचे आणि सगळे हसायचे, तेही हसायचे. ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं, 'काही होणार नाही, सगळं ठीक आहे' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. फक्त ऐकायचं. असला नियम.

मी घसा साफ केला. भाषण खिशात होतं.

तेवढ्यात खारू बोलायला लागली. कुणी विचारलंही नव्हतं. म्हणाली की तिला कुलूप बघावंसं वाटत नाही. कधीच वाटलं नाही. पण तिने आधी बघितलं की बाबांना कमी वेळा बघावं लागतं. मग ते लवकर खाली येतात आणि आई जिन्यात रडत नाही. म्हणून ती बघते. आधी फक्त कुलूप बघायची. मग गॅसही. मग असं वाटायला लागलं की पेपरात चूक राहिली तर घरी बाबांचं काहीतरी चुकेल, त्यांना काहीतरी होईल. म्हणून ती वाचत बसली. तिला माहीत आहे की हे खरं नाही. पण थांबता येत नाही. आता तिलाही थांबता येत नाही.

त्या आजी मान हलवत होत्या. हिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं. संथबाई म्हणाल्या की आणखी कुणाला बोलायचंय का. सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटतं मला बोलायचं होतं. भाषण नाही. दुसरंच काहीतरी. एकच वाक्य होतं, छोटं. तोंडाशी आलं होतं. मलाही आहे, एवढंच.

मी म्हटलं, एक मिनिट हं, स्कूटरचं हँडल लॉक केलंय की नाही ते बघून येतो.

कुणी अडवलं नाही. बाहेर आलो. ऊन उतरलं होतं, गल्लीत कुणी नव्हतं. स्कूटरजवळ गेलो आणि उभा राहिलो. ठरवलं, बघायचं नाही. इथूनच परत आत जायचं आणि ते वाक्य बोलायचं. खरंच ठरवलं होतं. पाय वळतच होता.

तेवढ्यात खारू पळत आली. मला बाजूला करून तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ओढलं. हललं नाही. बाबा, लागलंय, मी बघितलं म्हणाली. धापा टाकत होती. आता आत चला म्हणाली, आई वाट बघतेय.

मी तिच्या हातांच्या शेजारी हात ठेवला आणि हँडल ओढून बघितलं. लागलं होतं.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, आणखी एकदा बघायचं का?

मी हो म्हणालो.